पंपावर न गेलेले सतरा दिवस

२०२१ सालच्या दसऱ्याला दुपारी साडेतीनच्या सुमारास, मालवण तालुक्यातल्या आमच्या गावाने ग्रामदेवतेसमोर शब्द दिला, की पेट्रोलचा दर उतरेपर्यंत गावातले कोणी पंपावर जाणार नाही. ठरले होते ते फक्त एका दिवसाचे, सोमवारचे.

सुरुवात मोबाइलवर फिरणाऱ्या एका निरोपाने झाली. येत्या सोमवारी देशात कोणी पेट्रोल भरले नाही तर कंपन्या नाक घासत येतील आणि दर खाली आणतील, असा तो निरोप होता. कोणी लिहिला, कुठून आला, याचा पत्ता लागत नव्हता. तेव्हा मी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात काम करीत होतो, आणि असे निरोप दर वर्षी येतात हे मला ठाऊक होते. पण त्या ऑक्टोबरात दर एकशे दहाच्या पुढे गेला होता आणि जवळजवळ रोज काही पैशांनी वाढत होता. टाळेबंदीत बंद असलेली देवळे घटस्थापनेला उघडली होती. दीड वर्षाने सगळा गाव एका जागी जमला होता आणि जो तो दराबद्दल बोलत होता. कोणीतरी म्हणाले, नुसता निरोप कोण पाळणार, त्याचे गाऱ्हाणेच घाला. मग कोण मोडतो बघू.

गाऱ्हाणे आबांनी घातले. ते देवळाचे मानकरी, वय ऐंशीच्या पुढे. पावसासाठी, गुरांच्या रोगासाठी, मुंबईला गेलेल्या मुलांच्या नोकऱ्यांसाठी गेली कित्येक वर्षे गावाच्या वतीने देवाशी तेच बोलत आले होते.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"ह्या पेट्रोलाचो दर आभाळाक भिडलो आसा. तो खाली हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"येत्या सोमवारी ह्या गावातलो कोण पंपावर जावचो नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जोपर्यंत दर उतरणा नाय, तोपर्यंत तुझी लेकरा ह्या शब्दाक बांधलेली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हणालो. तोंडातून निघून गेले.

चूक लक्षात यायला नारळ फुटेपर्यंतचा वेळ लागला. मास्क हनुवटीवर ओढून एकाने विचारले, "आबा, तुमी 'तोपर्यंत' म्हटल्यात?"

"मी म्हटलंय?"

"म्हटल्यात. आणि आमी व्हय म्हटला."

आबांनी फुटलेला नारळ ताटात ठेवला. मग म्हणाले, "गाऱ्हाण्यात 'तोपर्यंत' येताच रे. तेच्याशिवाय गाऱ्हाणा पुरा कसा होतला?"

त्यांचे खरे होते. त्यांच्या प्रत्येक गाऱ्हाण्याचा शेवट तसाच असे. पाऊस पडत नाही तोपर्यंत, रोग हटत नाही तोपर्यंत. सवयीने शब्द गेला, आणि देवासमोर गेलेला शब्द परत घ्यायचा तर कौल लावावा लागतो. देवाच्या अंगाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण नव्या गाऱ्हाण्यावर आठ दिवस कौल लावत नाहीत, असे गुरवाने सांगितले. कौल सोमवारीच लागतो, म्हणजे सोमवारच्या पुढचा सोमवार.

या सगळ्यात देवाच्या उजव्या हाताला उभा राहून सर्वांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणणारा माणूस आमच्या भागातल्या एकुलत्या एक पेट्रोल पंपाचा मालक होता. त्याला सगळे शेट म्हणत.

"शेट, तू पण व्हय म्हटलंस?" एकाने विचारले.

"चाळीस वर्सा म्हणतंय. आज नाय म्हणू? ह्या जाग्यावर माझो बापूस उभो रवायचो."

आमच्या घरी प्रश्न वेगळा होता. आईला आठवड्यातून दोन वेळा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिससाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावे लागे. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटरच्या आसपास. सकाळी सातला पाळी. परतताना तिला मान सरळ ठेवता येत नसे, त्यामुळे एस.टी. शक्य नव्हती, माझी स्कूटर तर नव्हतीच. शेजारचा रिक्षावाला दोन वर्षे तिला नेत होता. एकही फेरी चुकवायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. आधी एकदा दरड कोसळून रस्ता बंद झाल्याने एक फेरी चुकली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या पावलांवर बोट दाबले तर खळगा तसाच राहत होता, आणि तिसऱ्या दिवशी तिला आडवे होऊन श्वास घेता येईना.

मी घरी येऊन सांगितले, की बाहेरगावची गाडी ठरवू. पलीकडच्या गावाने काही कबूल केलेले नाही.

आई म्हणाली, "भायरचो माणूस माझ्यासाठी पंपावर गेलो, म्हणजे मीच गेलंय. शब्द माझो पण गेलो आसा."

"तू देवळात होतीस कुठे?"

"भोंग्यार ऐकाक इला. हयसर बसान व्हय म्हटलंय."

मी वाद घातला. आजारी माणसाला नियम नसतो, देवाला कळते, असे नेहमीचे बोललो. तिने ऐकून घेतले आणि मला चहा ठेवायला सांगितला.

रविवारी संध्याकाळी पंपावर रांग लागली. ती देवळाच्या पाटीपर्यंत आली होती. शब्द सोमवारपासूनचा होता, त्यामुळे ज्याच्याकडे जे वाहन होते त्याची टाकी त्याने काठोकाठ भरून घेतली. रिक्षावाल्यानेही भरली. मी भरली नाही. अशा बहिष्काराने दर उतरत नाहीत याची मला इतकी खात्री होती, की हे प्रकरण दोन दिवसांत हसण्यावारी जाईल असे मी धरून चाललो. माझी स्कूटर रिझर्व्हवर होती. ती तशीच उभी राहिली.

सोमवारी सकाळी मी बातमीसाठी पंपावर नजर टाकायला चालत गेलो. पंप चालू होता. शेट पंपावर नव्हता. तो रस्त्याच्या अलीकडे चहाच्या टपरीच्या बाकावर बसला होता आणि पलीकडच्या गावातून कामाला येणाऱ्या आपल्या दोन माणसांना तिथून ओरडून सूचना देत होता.

"अरे, टँकर इलो तर आधी दांडी घालून माप बघ!"

"शेट, तुमीच येवा आणि बघा!"

"मी येवचंय नाय! माका गाऱ्हाणा आसा!"

चहावाला हसून हसून खाली बसला. शेटने मला बाकावर जागा करून दिली.

"लिवा, पत्रकारानू. पंपाचो मालक पंपावर जाणा नाय. असो बहिष्कार दुनयेत झालो नसतलो."

विक्रीवर काय फरक पडला, असे मी विचारले. तो म्हणाला, काल रविवारी दोन दिवसांचा माल एका दिवसात गेला. आज गाव नाही, पण मालवणला जाणारे पर्यटक आहेत, इतर गावे आहेत. टँकर ठरल्या वेळी येणार.

"आणि दर?"

"दर काय मी लावतंय? सकाळी सा वाजता वरसून येता. मी फकत आकडो बदलतंय. आज घेवक नाय ता उद्या घेतलास, तर ता न घेतला कसा झाला? ह्या असा चलना नाय. दर बाहेरच्या तेलाचो, रुपयाचो, आणि रवलेलो सरकारच्या कराचो. तुमी माझ्या पंपाकडे पाठ केलास म्हणून तेंका काय खबर?"

"मग गावाने काय करायला हवे होते?"

त्याने चहा संपवला. "कमी जाळूक होया होता. एक दिवस नाय, रोज. पण ता कोण करता?"

ते गाव करीत होता, निरुपायाने. पहिल्या आठवड्यात माळ्यावरच्या सायकली खाली आल्या. बाजाराला जाणारा माणूस आदल्या दिवशी सांगून ठेवी आणि त्याच्या मोटारसायकलवर दोन माणसे व चार घरांची यादी जाई. खाडीतल्या लहान होड्यांची मशीन झाकून ठेवली गेली, वल्ही बाहेर निघाली. भातकापणीचे दिवस होते. शेतावर जाणारे चालतच जात, आणि चालणारे वाटेत थांबून बोलत. आमच्या अंगणावरून, म्हणजे खळ्यावरून, इतकी माणसे गेलेली मी त्याआधी बरीच वर्षे पाहिली नव्हती. जाणारा प्रत्येक जण आईला हाक मारून जाई.

मंगळवारची फेरी झाली. शुक्रवारची झाली. रिक्षात तीन फेऱ्यांपुरते पेट्रोल होते, तिसरी जेमतेम. हा हिशेब रिक्षावाल्याने सोमवारीच केला आणि इतर सगळी भाडी बंद केली. तसे त्याने आम्हाला सांगितले नाही. मला कळले ते एका गिऱ्हाइकाशी त्याचे चाललेले बोलणे ऐकून. आईला तो काकी म्हणे.

"पाच मिनटांचो रस्तो, मेल्या. नाक्यार सोड."

"टाकयेत आसा ता काकीचा. तुका होया तर गाडयेत बस, ढकलत न्हेतंय."

"काकीचा म्हणजे? नाव लिवलंस काय तेच्यार?"

"व्हय. वास घे, कळात."

त्या दिवसांत तो लोकांच्या भातकापणीला मजुरीने जात होता. उतार आला की इंजिन बंद करून रिक्षा नुसती सोडत होता, आणि आई मागून म्हणत होती, "बाबा, सावकाश. पेट्रोल वाचता, पण मी वाचाक होया."

दर मात्र वाढत राहिले. रोज सकाळी शेट टपरीवरून ओरडून आकडा विचारी, आणि पंपावरचा माणूस ओरडून सांगी. तो आकडा दहा मिनिटांत गावभर होई.

पुढच्या सोमवारी कौल लावला. गाभाऱ्याबाहेर उभे राहायला जागा नव्हती. गुरवाने पाकळ्या चिकटवल्या. आबांनी विचारले, की शब्द एका दिवसाचा द्यायचा होता, चुकून लांबला, तर लेकरांना मोकळे करतोस काय. सगळे दिव्याच्या उजेडात त्या दगडाकडे बघत होते. काही वेळाने डावी पाकळी पडली.

"आजाऱ्यांपुरता विचारा," मागून कोणी म्हणाले.

गुरवाने मान हलवली. एका गाऱ्हाण्यावर महिन्यात एकच प्रश्न.

"आबा, पयला आजाऱ्यांचा विचारूचा होता!" एक बाई म्हणाली. ती आमच्या वाडीतली होती.

"माझ्या ध्यानात इला नाय गो," आबा म्हणाले. ते देवळाच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. लोक त्यांना वळसा घालून उतरले.

मंगळवारची तिसरी फेरी झाली. परतल्यावर रिक्षावाल्याने माडाच्या झापाची हीर, म्हणजे पातीची ताठ काडी, टाकीत घालून बाहेर काढली. फक्त टोक ओले झाले होते. त्याने ती मला दाखवली आणि अंगणात टाकली.

बुधवारी मी आईशी पुन्हा बोललो. या वेळी वाद घातला नाही, विनंती केली. गुरुवारी सकाळी मी पलीकडच्या गावातल्या एका गाडीवाल्याला फोन करून शुक्रवारी पहाटे यायला सांगितले. ती गाडीत बसणार नाही हे मला माहीत होते. तरीही सांगितले. दुसरे काय करावे ते सुचत नव्हते. तिच्या पायांना संध्याकाळी किंचित सूज दिसली. तिने पातळ खाली ओढून पाय झाकले.

शुक्रवारी मी उठून दार उघडले तेव्हा उजाडत होते. खळ्यात तुळशीच्या कट्ट्यावर बाटल्या ठेवलेल्या होत्या. एकोणीस होत्या. मी दोन वेळा मोजल्या. कोकम सरबताच्या, खोबरेल तेलाच्या, फिनेलच्या, पाण्याच्या. एक फेणीची होती. एक गंगाजळाची, वीतभर. काहींना बुचे होती, काहींच्या तोंडाला प्लॅस्टिक गुंडाळून रबर लावले होते. सगळ्यांत पेट्रोल होते. बाटल्यांच्या शेजारी पत्र्याचे एक नरसाळे होते.

रिक्षावाला रिक्षा ढकलतच घेऊन आला. बाटल्या बघून त्याला नवल वाटले नाही. गुरुवारी टपरीवर हिरीची गोष्ट त्यानेच सांगितली होती, एवढे त्याने कबूल केले.

आई काठी टेकत बाहेर आली. कट्ट्याकडे बघत उभी राहिली.

"ह्या खंयचा?"

"गाडयांतला, काकी. नळी घालून काढलेला."

"कधी भरलेला?"

"रविवारचा. सोमवारच्या आदला सगळा. एक थेंब नंतरचो नाय. हवा तर देवळात येवन सांगतंय."

"मगे तेंच्यो गाडयो?"

"उभ्यो आसत. तेंका पाय आसत."

रिक्षावाला नरसाळे टाकीत लावून ओतू लागला तेव्हा तिने पहिली बाटली स्वतः हातात घेऊन त्याला दिली. मग दुसरी दिली. पाच बाटल्या तिने दिल्या. मग ती दमली आणि रिक्षात बसली. बाहेरगावची गाडी आली तेव्हा आम्ही निघत होतो. गाडीवाल्याने रिकाम्या बाटल्या पाहिल्या, काय झाले ते विचारले, आणि फुकट फेरी पडल्याबद्दल एक शब्दही न काढता गाडी वळवली.

बाटल्या कोणी ठेवल्या हे मी पुढे शोधून पाहिले. सवयच ती. एकोणिसांपैकी पाचांचा पत्ता लागला. एक चहावाल्याची. एक खाडीतल्या होडीच्या मशीनमधून काढलेली. एक आमच्या वाडीतल्या त्या बाईची, जिने देवळात आबांना टोकले होते. तिच्या मुलाची मोटारसायकल पुढचे सहा दिवस गोठ्यात उभी होती आणि मुलगा बँकेत चालत जात होता. फेणीची बाटली कोणाची हे सगळ्यांना माहीत होते, पण तो स्वतः शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला. एक शेटची. त्याने ती घरच्या स्कूटरमधून काढली होती.

"पेट्रोल माझ्याच पंपाचा," तो म्हणाला, "पण रविवारचा. घराकडचा. चलता मां?"

नरसाळे कोणाचे हे विचारायची गरज पडली नाही. ते देवळातल्या समईत तेल ओतायचे नरसाळे होते. आबांकडे कोणतेही वाहन नव्हते, द्यायला पेट्रोल नव्हते. ते त्या पहाटे अर्धा तास चालून आले असले पाहिजेत.

बाकी चौदा कोणाच्या ते मला आजही माहीत नाही. रिकाम्या बाटल्या मी धुऊन कट्ट्यावर ठेवल्या. न्यायला कोणी आले नाही. शुक्रवारनंतर मंगळवारची फेरीही त्याच पेट्रोलवर झाली. तोपर्यंत मी माझ्या धंद्यातले एक वाक्य मनातल्या मनात पुष्कळदा लिहून खोडले होते. अशा बहिष्काराने दर उतरत नाहीत, हे ते वाक्य. ते चूक नव्हते. मला ते छापावेसे वाटेना.

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, बुधवारी, केंद्र सरकारने पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे पाच रुपयांनी आणि डिझेलवरचे दहा रुपयांनी कमी केल्याची बातमी आली. कार्यालयातून फोन आला, स्थानिक प्रतिक्रिया हव्या होत्या. मी चार ओळी दिल्या. गुरुवारी (त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी होते) सकाळी सहा वाजता, पंपावरच्या माणसाने आकडा बदलला आणि रस्त्यापलीकडे ओरडून सांगितला. दर पाच रुपयांहून जास्त उतरला होता.

शेट बाकावरून उठला. चपला काढल्या, पुन्हा घातल्या, आणि अठराव्या दिवशी स्वतःच्या पंपावर गेला. आठ वाजेपर्यंत रांग देवळाच्या पाटीपर्यंत आली.

"देवान केल्यान," रांगेतला एक जण म्हणाला.

"देवान नाय, आबांच्या 'तोपर्यंत'न," दुसरा म्हणाला. "एक दिवसाचा म्हटला असता तर खंय उतरलो असतो?"

सरकारच्या निवेदनात आमच्या गावाचा उल्लेख नव्हता. आबांना विचारले तर ते म्हणाले, आपण फक्त निरोप पोचवणारे. मी त्यांचे नरसाळे परत करायला गेलो होतो. आई काय म्हणते ते त्यांनी विचारले, आणि मी सांगितले, की तिने त्यांना नमस्कार सांगितला आहे. त्यांनी नरसाळे धोतराच्या सोग्याने पुसले आणि ते देवळात, समईच्या मागे, खिळ्याला टांगले.

त्या दुपारी रिक्षावाल्याने पंपावर जाऊन टाकी भरली. जाण्याआधी त्याने कट्ट्यावर न ओतता उरलेल्या तीन बाटल्या टाकीत ओतल्या. शुक्रवारी पाडव्याची फेरी ठरल्याप्रमाणे झाली. सात वाजायला दहा मिनिटे असताना आई रुग्णालयात तिच्या खाटेवर होती. गाऱ्हाण्यापासून त्या सकाळपर्यंत तिची एकही फेरी चुकली नाही.